फेस साबणाचा नव्हे, पाण्याचा

मुंबईच्या नळाखाली लोण्यासारखा फेस देणारा दाढीचा साबण सुट्टीत गावी नेला, की बोअरच्या पाण्यावर तोच साबण रुसून बसतो. ब्रश कितीही फिरवला तरी गालावर मोठाल्या बुडबुड्यांचा पातळ थर येतो आणि पत्ती टेकेपर्यंत विरूनही जातो. दोष साबणाच्या माथी बसतो. चार दिवसांत वडी मोरीच्या कोनाड्यात पडते आणि दुकानातून फोमचा डबा घरी येतो.

हा निवाडा चुकीचा आहे. आरोपी साबण नाही, पाणी आहे.

या पाण्याला मराठीत दोन नावं आहेत. गावाकडे त्याला 'जड पाणी' म्हणतात. त्यात डाळ लवकर शिजत नाही, केस चिकट राहतात, धुण्याला साबण जास्त लागतो. शाळेच्या पुस्तकातलं नाव 'दुष्फेन'. फेन म्हणजे फेस. ज्याला तो नीट येत नाही ते दुष्फेन, ज्याला चटकन येतो ते सुफेन. पाण्याची जातच फेसावरून ठरवणारे हे शब्द आहेत, आणि ते अचूक आहेत. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या अॅबरडीनमधले रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी पाण्याचा जडपणा मोजायची जी पद्धत दिली, तीही हीच होती. बाटलीतल्या पाण्यात साबणाचं द्रावण थोडंथोडं घालून हलवायचं आणि पाच मिनिटं टिकणारा फेस यायला किती द्रावण लागलं ते पाहायचं. पुढे कित्येक दशकं प्रयोगशाळांत असंच मोजमाप होत राहिलं.

बोअरचं पाणी खडकाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत आणतं. साबण आधी त्यांच्याशीच जोडला जातो आणि न विरघळणारा पांढुरका साका बनतो. बादलीच्या कडेला जमतो तोच हा साका. क्षार असे बांधले जाईपर्यंत फेसासाठी साबण उरतच नाही. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा या धरणांतलं पावसाचं साठलेलं पाणी मिळतं, त्यात हे क्षार कमी असतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा योग्य मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे दोन्ही पाणी पिण्यायोग्य, पण दाढीच्या वाटीत त्यांचा स्वभाव अगदी वेगळा. टँकर आणि बोअरवर जगणाऱ्या सोसायट्यांनी हा आकडा एकदा तपासून सूचना फलकावर लावायला हवा. गिझर आणि वॉशिंग मशीनलाही त्याचा उपयोग होईल.

साबणाच्या बाजूनं बोलायचं, तर दाढीचा साबण मुद्दाम वेगळा घडवलेला असतो. अंगाची वडी कॉस्टिक सोड्यानं बनते. दाढीच्या साबणात सोड्याच्या जोडीला कॉस्टिक पोटॅश असतं आणि स्टिअरिक आम्लाचं प्रमाण भरपूर असतं. त्यामुळे फेस बारीक, दाट आणि टिकाऊ होतो. अंगाच्या साबणानं दाढी करणाऱ्याला हे सुख मिळत नाही, मग पाणी कितीही हलकं असो.

पाणी बरं असूनही फेस बिघडतो तो घाईमुळे. केसांचा ब्रश दोन-चार मिनिटं कोमट पाण्यात भिजू द्यावा, झटकावा आणि वडीवर अर्धा मिनिट तरी गोल फिरवावा. बहुतेक जण इथे दहा सेकंदांत थांबतात. ब्रशवर चक्क्यासारखा घट्ट लेप चढला, की मग वाटीत किंवा थेट गालावर थेंब-थेंब पाणी देत घोटायचं. पाणी एकदम ओतलं तर बुडबुडे होतात, दिलंच नाही तर फेस गालावर वाळून पापुद्रे धरतो. घोटलेल्या दह्यासारखी चकाकी आली आणि बुडबुडा डोळ्यांना दिसेनासा झाला, की फेस झाला. जड पाण्यात वडीवर दुप्पट वेळ द्यावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी? कोरडा खुंट चिवट असतो. पाणी शोषून तो फुगतो, मऊ होतो आणि पत्तीला सहज तुटतो. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ पाणी गालावर धरून ठेवणं आणि पत्तीखाली घसरण देणं, हे फेसाचं काम. झाडाखाली बसणारे जुने कारागीर धोकटीतली वाटी काढून नुसतं पाणी बोटांनी दाढीत चोळत बसत, ते उगाच नव्हे. डब्यातला फोम बोट दाबताच तयार मिळतो, पण त्याला फुगवतो तो वायू. तो लावून लगेच पत्ती फिरवणाऱ्याचा खुंट भिजलेलाच नसतो, आणि जळजळीचा दोष मग पत्तीवर जातो. शिवाय दाढीच्या साबणाची एक वडी कित्येक महिने पुरते आणि मागे उरतो तो कागद. फोमचा रिकामा धातूचा डबा दर वेळी कचऱ्यात जातो. सकाळची तीन मिनिटं वाचवण्यासाठी ही किंमत फार झाली.

जड पाण्यावर उपाय घरातच आहे. दाढीला लागतं ते वाटीभर पाणी. ते आरओचं घ्यावं, पावसाळ्यात पागोळ्यांचं धरावं, नाहीतर उकळून, निवळून, वरचं तेवढं घ्यावं. उकळल्यानं जडपणाचा काही भाग भांड्याच्या तळाशी पांढऱ्या थरासारखा बसतो, सगळा नाही. कोनाड्यात पडलेली वडी बाहेर काढा, पुढची दाढी या वाटीभर पाण्यानं करून पाहा, आणि साबण टाकायचा की ठेवायचा ते त्यानंतरच ठरवा.