एकट्याची लढाई आपल्याला मानवेल का?

पोटाला काय मानवते याची चौकशी आपण बारकाईने करतो. करमणुकीच्या बाबतीत मात्र शेजाऱ्याला रुचले ते आपल्यालाही रुचेल, असे धरून चालतो. एकट्याने खेळायचे युद्धखेळ घेताना ही सवय विशेष महागात पडते. हे खेळ पैशापेक्षा वेळ अधिक घेतात.

घरातली वडीलधारी मंडळी दुपारी पत्त्यांचा ‘पेशन्स’ लावीत बसत, ते आपल्याला आठवत असेल. जात तीच, परंतु ओझे निराळे. उदाहरणादाखल जॉन बटरफील्ड यांनी रचलेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘डी-डे ॲट ओमाहा बीच’ हा पटावरचा खेळ घ्या. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकन सैन्याची सूत्रे आपल्या हाती असतात. जर्मन बाजूला कोणीच बसलेले नसते. कोणत्या ठाण्यावरून कोणावर गोळीबार व्हायचा, ते पत्ते ठरवतात. आपण कितीही शहाणपणाने खेळलो तरी पहिल्या लाटांमधल्या तुकड्या पाण्याच्या काठाशीच गारद होत राहतात. पुठ्ठ्याच्या सोंगट्यांवर खऱ्या तुकड्यांची ओळख छापलेली असते. काहींना यातून इतिहास प्रथमच उमगतो. काहींच्या मनाला मात्र ते लागून राहते. घरात कोणी सैन्यात असेल, किंवा नुकताच मृत्यू झाला असेल, तर या खेळापासून तूर्त दूर राहण्यात काहीच कमीपणा नाही.

दुसरा प्रश्न स्वतःला असा विचारावा : दिवसअखेर आपण कशाने थकलेले असतो? कंटाळ्याने थकलेल्या मनाला निर्णयांचा खेळ टवटवी देतो. पण ज्यांचा दिवसच हिशेब, माणसे आणि वेळापत्रके सांभाळण्यात जातो, त्यांनी रात्री पुन्हा रसदीचे मार्ग सांभाळत बसावे का? ‘युनिटी ऑफ कमांड’ हा २०११ चा संगणकीय खेळ स्टॅलिनग्राडच्या मोहिमेवर बेतलेला आहे. त्यात शत्रूला मारण्यापेक्षा त्याची रसद तोडण्याला अधिक महत्त्व आहे, आणि ठरावीक खेळींत उद्दिष्ट गाठावे लागते. बोटांची चपळाई लागत नाही, त्यामुळे वयस्करांनाही तो जमतो. मात्र हरल्यावर ‘कुठे चुकले?’ हे शोधण्यात ज्यांना गोडी वाटते, त्यांच्यासाठीच तो आहे. हरल्यावर ज्यांचा पारा चढतो, त्यांच्याबरोबर घरच्यांनाही तो सोसावा लागतो.

तरीही या खेळांची खरी कसोटी अन्यत्रच आहे. बुद्धिबळात समोरचा माणूस जांभई देतो, घड्याळाकडे पाहतो, ‘उरलेले उद्या’ म्हणून उठतो. तो आपला प्रतिस्पर्धी असतो तसाच आपला लगामही असतो. एकट्याच्या खेळात हा लगामच नाही. कोणाची वाट पाहावी लागत नाही, हे या खेळांचे सुख. कोणी थांबवीत नाही, हा त्यांचा धोका. ‘आणखी एकच खेळी’ म्हणता म्हणता दीड वाजतो, तो याच वाटेने. म्हणून मिळालेला विजय अर्धवट टाकून आपण झोपायला जाऊ शकतो का, याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. निद्रानाशाची तक्रार असणाऱ्यांनी रात्रीऐवजी सकाळची वेळ धरावी.

व्यसनाची भीती अवाजवी वाढवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात संगणकीय खेळांच्या विकाराची नोंद आहे. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळालाच अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, ही लक्षणे साधारणपणे बारा महिने दिसावी लागतात. सुटीतली दोन जागरणे म्हणजे विकार नव्हे. (पुठ्ठ्याचा पट त्या नोंदीत येत नाही, परंतु झोप दोन्हींकडून सारखीच जाते.)

विकत घेण्यापूर्वीची परीक्षा सोपी आहे. अनेक प्रकाशक नियमपुस्तिका विनामूल्य उपलब्ध करून देतात. रात्रीच्या जेवणानंतर तिची पाच पाने वाचा. कुतूहल वाढले तर पुढे जा. डोळे मिटू लागले, तर खेळही तसाच वाटेल. ‘स्टीम’वर घेतलेला संगणकीय खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास परत करता येतो. अर्थात अशा खेळांचे दोन तास पुष्कळदा नियम शिकण्यातच सरतात, तेव्हा घाईने निकाल देऊ नये.

पटाचा खेळ घेणार असाल, तर तो कुठे मांडणार हे घरच्यांशी आधीच बोला. जेवणाचे टेबल चार दिवस अडवून ठेवता येत नाही. उठताना पटाचे छायाचित्र काढावे आणि पुढची योजना एका चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकावी. म्हणजे ती उशीपाशी येऊन डोक्यात घोळत राहत नाही.