काच जाड असली म्हणून?

मोठ्या फिशटँकच्या हौशी माणसांत इलेक्ट्रिक ईलचा विषय निघाला की युक्तिवाद ठरलेला. काचेतून करंट येत नाही, हात घालताना रबरी मोजे घालायचे, वर झाकण लावायचं; झालं सुरक्षित! शिवाय या माशाच्या झटक्याने माणूस सहसा मरत नाही. पांढुर्ण्यात तर पुढचं उत्तरही तयार असतं: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत जाम नदीत गोटे झेलणाऱ्यांना माशाचा धाक दाखवता काय?

यातलं खरं ते आधी मान्य करू. बाहेर उभं राहून बघणाऱ्याला काही होत नाही. एकेक झटका जेमतेम दोन मिलिसेकंदांचा. 2019 साली एका जातीत मोजलेला 860 व्होल्टचा आकडा छातीत धडकी भरवतो खरा, पण पाण्यात हात घालणाऱ्याच्या वाट्याला तो सगळा येत नाही. बराचसा पाण्यातच पांगतो.

पण टाकी नुसती बघून भागत नाही. काच घासावी लागते, फिल्टर धुवावा लागतो, कधी मासा जाळीत धरून हलवावा लागतो. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ केनेथ कटानिया यांच्या प्रयोगशाळेत नेमकं इथेच नवल घडलं. धातूच्या कडेची जाळी पाण्यात गेली की मासा कोपऱ्यात दडायचं सोडून उलटा चाल करून यायचा, हनुवटी जाळीच्या दांड्याला टेकवून पाण्याबाहेर उसळायचा आणि झटक्यांवर झटके द्यायचा. जितका वर चढेल तितका दणका मोठा, कारण वीज मग पाण्यात न पसरता समोरच्या वस्तूतून जाते. 2017 मध्ये कटानियांनी स्वतःचा हात पुढे करून प्रवाह मोजला. सुमारे 40 सेंटिमीटरच्या पिल्लाने 40 ते 50 मिलिअँपिअरचा झटका दिला. पूर्ण वाढलेला मासा दोन मीटरपर्यंत जातो. तिथे मोज्याच्या तोंडातून पाणी आत शिरलं की रबर गेलं कामातून.

गोटमारीचा दाखला तर देणाऱ्यावरच उलटतो. नदीतला झेंडा तोडायला उतरणारा स्वतःच्या मर्जीने उतरतो, आणि तरीही काठावर डॉक्टर आणि अ‍ॅम्ब्युलन्स सज्ज असतात. टाकीखालची फरशी पुसणाऱ्या बाईने किंवा स्टुलावर चढून डोकावणाऱ्या पोराने कुठला झेंडा तोडायचा पण केला होता?

आता माशाच्या बाजूने बघू, कारण 'सुरक्षित' म्हणताना त्याला कुणी मोजतच नाही. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच टाकी म्हणजे 1,700 लिटर पाणी, पावणेदोन टनांचा भार. दर आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचा तर सव्वाचारशे लिटर, तेही मे महिन्यात, सौंसरचा पारा चाळिशीपार असताना. फिल्टरची वीज गेली तरी मासा लगेच गुदमरत नाही, तोंड वर काढून हवा घेतो. म्हणून लोक त्याला चिवट समजतात. घाण मात्र त्याच पाण्यात साठत राहते आणि तो ती निमूट सोसतो. हे पंधरा-पंधरा वर्षं. मग आवरेना झाला की नदीत सोडायचा? घरच्या टाक्यांतला सकर मासा आज उजनीच्या जाळ्यांत सापडतो. जामचं पाणी कन्हानला मिळतं, कन्हानचं वैनगंगेला.

टेनेसीच्या मत्स्यालयाने 2019 मध्ये ईलच्या झटक्यांबरोबर ख्रिसमसच्या झाडावरचे दिवे लुकलुकवले. जरूर करावं, त्यांच्याकडे त्यासाठी पगारी माणसं आहेत.

माशातल्या विजेचं कुतूहल मात्र अस्सल आहे. 1838 मध्ये शास्त्रज्ञ फॅरेडेनेही लंडनमध्ये याच माशावर प्रयोग केले होते. ते कुतूहल भागवायला अ‍ॅमेझॉनपर्यंत जायची गरज नाही. नाव ईल असलं तरी या माशाची सोयरीक आपल्या बामशी नाही, मांगूरशी आहे. मांगूर झटका देत नाही, पण दुसऱ्या जिवाची क्षीण वीज त्याला कळते, हवाही घेतो. अंधारात चिखलात गांडूळ टाका आणि तो कसा नेमका तिथे पोहोचतो ते बघा. मांगूर देशीच घ्या, बंदी असलेला आफ्रिकन नको. झाकण घट्ट बसवा, तो चढून बाहेर पडतो. आणि उचलताना काटा सांभाळा.

राहिला करंट. तो मांगूरच्या टाकीतही असतोच, 230 व्होल्टचा, हीटर आणि पंपाच्या वायरीतून आलेला. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात ईलपेक्षा त्याचीच भीती मोठी. मेन बोर्डात करंट गळताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. वायर प्लगच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये शिरणार नाही. आणि हात पाण्यात घालायच्या आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.