यंत्र शिकवते, बाई माहिती भरतात

परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर घाटनांदूर नावाचे स्थानक आहे. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातील हे गाव आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिले नसेल. तथापि शाळाशाळांतून सध्या ‘डिजिटल’ या शब्दाचा जो जयघोष चालला आहे, त्याची खरी परीक्षा मुंबई-पुण्यात नव्हे, तर अशाच गावांत व्हावयाची आहे, असे आमचे मत आहे. त्या परिसरातील एका प्राथमिक शिक्षिकेशी आमचा जुना परिचय आहे. १९९० साली त्या जिल्हा परिषदेच्या सेवेत आल्या. निवृत्तीला आता फार दिवस उरलेले नाहीत. त्यांच्या नोकरीचा इतिहास हाच वर्गातील यंत्रांचाही इतिहास आहे. तो त्यांच्या तोंडून ऐकल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून हा लेखनप्रपंच.

बाई रुजू झाल्या तेव्हा खडू-फळा मोहिमेचे दिवस होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर केंद्र सरकारने ही मोहीम १९८७ मध्ये हाती घेतली. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, फळा, नकाशे आणि थोडेफार खेळांचे साहित्य मिळावे, एवढीच तिची माफक आकांक्षा होती. पुढे बाईंच्या शाळेत दूरदर्शन संच आला. पुण्यास १९८४ मध्ये स्थापन झालेल्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम मुलांनी पाहावेत, हा हेतू. संच मुख्याध्यापकांच्या कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि वीज कोणाच्याच हातात नाही, अशी स्थिती होती. कधी सारे योग जुळून आलेच तर मुले समुद्र पाहत, आगबोट पाहत. मग कार्यक्रम संपे, पडदा काळा होई आणि चाळीस मुले बाईंकडे तोंड वळवीत. “खरा तास तिथून सुरू व्हायचा, फादर,” असे बाई म्हणाल्या. (बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद पडली. मराठी मुलांसाठी मराठीत विचार करणारी ती संस्था होती. तिच्यासाठी कोणी फार अश्रू ढाळल्याचे आमच्या स्मरणात नाही.)

त्यानंतर संगणक आला. तो बराच काळ प्लास्टिकच्या आच्छादनाखाली झाकून ठेवलेला होता. २०१५ पासून ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चे वारे वाहू लागले. लोकवर्गणी जमली, भिंतीवर चित्र पाडणारा प्रक्षेपक आला, शाळेच्या दारावर ‘डिजिटल शाळा’ अशी अक्षरे रंगवली गेली. मुले आनंदली, पालक आनंदले, आणि बाईही आनंदल्या, हे आम्ही मुद्दाम नोंदवितो. यंत्र पाहून नाके मुरडणाऱ्यांपैकी त्या नव्हेत.

मात्र याच सुमारास काहीतरी उलटे फिरले. पूर्वीची यंत्रे, चालोत वा बंद पडोत, मुलांसाठी येत. आता जे यंत्र आले ते बाईंच्या स्वतःच्या हातातील मोबाइल होते, आणि ते मुलांना काही देण्यापेक्षा बाईंकडून मागतच अधिक होते. पटाची माहिती भरा. आधार क्रमांक जुळवा. आज पोषण आहार किती मुलांनी घेतला ते कळवा. झाड लावले? छायाचित्र पाठवा. हात धुतले? छायाचित्र पाठवा. हजेरी कागदावर आहेच, ती मोबाइलवरही घ्या. जाळे मिळेना म्हणून बाई शाळेच्या गच्चीवर उभ्या, आणि खाली दुसरीच्या वर्गात ‘क’ला काना देता देता थांबलेली मुले. हे चित्र काल्पनिक वाटत असेल त्यांनी मराठवाड्यातील कोणत्याही दोनशिक्षकी शाळेत एक सकाळ काढावी. अलीकडच्या काळात शिक्षकांनी ‘आम्हाला शिकवू द्या’ अशा घोषणा देत मोर्चे काढले. वेतनासाठी मोर्चे निघतात, ते समजण्यासारखे आहे. पण शिकवण्याची परवानगी मागत शिक्षकाला रस्त्यावर यावे लागते, याची लाज कोणाला वाटली?

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षे! ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे शासन सांगत होते. कोणाकडे होते? बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन जोडपी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. घरात मोबाइल असतो एक, तो बापाबरोबर फडात. मूल आजीजवळ, आणि आजीकडे पाठ उघडण्याचे यंत्र नाही. बाईंच्या वर्गातील ज्या मुलांपर्यंत तो मोबाइलवरचा पाठ पोहोचला, ती हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच होती. मग बाईंनी तोंडाला फडके बांधून लिंबाच्या झाडाखाली चार-चार मुले बसविली. या तासांचे छायाचित्र त्यांनी पाठविले नाही, कारण ते नियमात बसत नव्हते.

याच काळात महाराष्ट्राच्या एका शिक्षकाचे नाव जगभर गेले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकांवर त्यांनी छापलेल्या क्यूआर कोडचे कौतुक झाले. २०१७ मध्ये शासनानेही ते कोड पुस्तकांत आणण्याचे ठरविले होते. कौतुक यथायोग्यच होते. परंतु परितेवाडीत घडलेली मुख्य गोष्ट कोणती? तेथील मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक मराठी. या गृहस्थांनी आधी कन्नड शिकून घेतली, पुस्तकाचा मजकूर मुलींच्या भाषेत नेला आणि मग त्यावर कोड छापला. शासनाने कोड उचलला. कन्नड शिकण्याचे काय? परिपत्रक काढून कोड चिकटविता येतो. मुलाच्या घरचा उंबरठा ओलांडण्याची वृत्ती परिपत्रकातून उतरत नाही, आणि म्हणून तिचा उल्लेखही होत नाही.

साधन आणि भाषा यांचा हा झगडा आपणा मराठी ख्रिस्ती लोकांना नवा नाही. घाटनांदूरच्याच तालुक्याचे ठिकाण असलेल्या अंबाजोगाईस दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर एका लांबच लांब कापडावर आकृत्यांसह पंचीकरणाचा विषय लिहून काढला. ती पासोडी आजही तेथे जतन केलेली आहे. दासोपंत १६१५ मध्ये निवर्तले आणि पुढच्याच वर्षी गोमंतकात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. एकाजवळ कापड व शाई, दुसऱ्याजवळ युरोपातून आलेले अद्ययावत मुद्रणयंत्र. गोव्यात ते यंत्र १५५६ मध्येच येऊन पोहोचले होते. पण कापडाने दासोपंतांची अक्षरे जशी होती तशी स्वीकारली, आणि यंत्राजवळ देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून स्टीफन्सच्या मराठीला रोमन लिपीचा वेष घ्यावा लागला. शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत सिद्ध केलेली आवृत्ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली, तोवर तीनशे चाळीस वर्षे लोटली होती. यंत्र नसते तर ग्रंथ इतका टिकला नसता, हे आम्ही मानतोच. परंतु यंत्रासाठी कोणी किती वाकावयाचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आज आपलीच तरुण मंडळी मोबाइलवर मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहितात. आता तर देवनागरीची अक्षरे त्याच यंत्रात हजर आहेत!

येथवर आम्ही शासनाला बोल लावला. आता स्वतःच्या घराकडे वळतो. आमच्या धर्मग्रामांच्या शाळा काय करीत आहेत? प्रवेशाच्या माहितीपत्रकावर पहिली ओळ ‘स्मार्ट क्लास’ची असते. पुष्कळ ठिकाणी भिंतीवरील काचेच्या फळ्यासाठी लाखाचे आकडे सहज मंजूर होतात आणि बालवर्गाच्या शिक्षिकेला कंत्राटावर तुटपुंजे मानधन दिले जाते. पाठ कंपनीने तयार केलेले, चित्रे परदेशी, उच्चार परके; बाईंनी फक्त कळ दाबावयाची. त्या कागदांवर सह्या करणाऱ्यांत धर्मगुरू असतात. आम्हीही केल्या आहेत.

धर्मशिक्षणाच्या वर्गातही आम्ही हाच प्रयोग करून पाहिला. एका रविवारी उधळ्या पुत्राच्या दाखल्याची सुबक चित्रफीत मुलांना दाखविली. तिच्यात थोरला भाऊ शेवटी हसत घरात येतो आणि धाकट्याला मिठी मारतो. मुलांनी टाळ्या वाजविल्या. लूकच्या शुभवर्तमानात थोरला भाऊ आत गेला की नाही, हे सांगितलेलेच नाही. पित्याच्या विनवणीपाशी प्रभू थांबतो. वर्षानुवर्षे मुले त्या ठिकाणी विचारीत, “मग तो आत गेला का, फादर?” आणि आम्ही उलट विचारीत असू, “तू गेला असतास का?” त्या रविवारी कोणीही काही विचारले नाही. यंत्राने प्रश्न परस्पर मिटवून टाकला होता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. शहरातील मुलांना सारे मिळावे आणि खेड्यातील मुलाने पाटीवरच समाधान मानावे, हा कोठला न्याय? आम्हांस तो न्याय मुळीच मान्य नाही. चार वर्ग आणि दोन शिक्षक अशा शाळेत एका वर्गाला काही ऐकविता-दाखविता आले तर दुसऱ्याकडे लक्ष देता येते, हे बाई स्वतः सांगतात. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने डिसेंबर १९६३ मध्येच संपर्कसाधनांचे स्वागत केले होते. ख्रिस्तसभा यंत्राची वैरी नव्हे. परंतु युनेस्कोने २०२३ च्या आपल्या जागतिक शिक्षण अहवालात, हे साधन कोणाच्या अटींवर वापरायचे, असा प्रश्न थेट शीर्षकातच विचारला. त्याच वर्षी स्वीडनसारखे सुसज्ज राष्ट्र लहान मुलांच्या हाती पुन्हा छापील पुस्तके देण्याकडे वळले. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजानेही शिक्षकाच्या प्रत्यक्ष सहवासावर भर दिला. खेड्यातील मुलाला यंत्र द्या, जरूर द्या. पण शिक्षकाच्या बदली देऊ नका, आणि शिक्षकाचा वेळ त्याची किंमत म्हणून वसूल करू नका.

बाईंनी मोबाइलचा एक उपयोग स्वतः शोधून काढला आहे. हंगामात ज्यांचे आईबाप बाहेर असतात, अशा मुलांना त्या संध्याकाळी आपल्या अंगणात बोलावतात आणि आईला फोन लावून देतात. मुलाने त्या दिवशीचा धडा आईला वाचून दाखवावयाचा. आई कोपीत चुलीपुढे बसून ऐकते. तिला स्वतःला वाचता येत नाही, मूल अडखळले की ती म्हणते, “परत म्हण.” दोन मुले अशी वाचायला शिकली, असे बाई अभिमानाने सांगतात. मोबाइलवरील माहितीत यासाठी रकाना नाही.

आमच्या शाळेत या वर्षी आणखी तीन काचेचे फळे घ्यावयाचे ठरले होते. तो प्रस्ताव आम्ही थांबविला असून ती रक्कम पहिली-दुसरीसाठी आणखी एका शिक्षिकेच्या वेतनाकडे वळवावी, असे व्यवस्थापन समितीला कळविले आहे. समितीतील काही सदस्य नाराज आहेत; शेजारच्या शाळेत फळे आहेत, मुले तिकडे जातील, असे ते म्हणतात. पुढील रविवारी मिस्सानंतर याच विषयावर पालकसभा बोलावली आहे. विरोध करावयाचा आहे त्यांनीही यावे.