एका विकराचे दोन अंमल

मेद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सुटलेले पोट आणि तुंबलेल्या रक्तवाहिन्या उभ्या राहतात. परंतु पेशीच्या पटलात काही स्निग्ध रेणू अत्यल्प प्रमाणात असतात आणि त्यांचे काम ऊर्जा साठविण्याचे नसून निरोप पोहोचविण्याचे असते, हे चांगल्या सुशिक्षितांच्याही गावी नसते. इन्सुलिन पेशीच्या दाराशी आले की पीआय-थ्री-कायनेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, अशा एका रेणूवर फॉस्फेटाचा शिक्का उमटविते, आणि त्या हुकुमाबरहुकूम पेशी साखर आत घेते, वाढते, विभागते. काम उरकल्यावर तो शिक्का पुसण्याचा अखत्यार ‘पीटेन’ या दुसऱ्या विकराकडे असतो. अनेक अर्बुदांत या पीटेनचे जनुक नष्ट झालेले असते, असे १९९७ साली आढळले. आणि ते नेमका हाच शिक्का पुसते, हे पुढच्याच वर्षी माएहामा व डिक्सन यांनी सिद्ध केले. पुसणारा नाहीसा झाला, किंवा उमटविणाराच उत्परिवर्तनाने बेबंद झाला, की पेशीचा वाढीचा हुकूम रद्द म्हणून होत नाही.

तेव्हा या शिक्केवाल्याचाच हात धरावा, हा विचार ओघानेच आला. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने विशिष्ट प्रकारच्या प्रगत स्तनकर्करोगासाठी अल्पेलिसिब मंजूर केले. ज्यांच्या अर्बुदात या विकराचे जनुक बिघडलेले होते, अशा रुग्णांत रोग न बळावण्याचा मध्यक काळ त्यामुळे ५.७ महिन्यांवरून ११ महिन्यांवर गेला. मात्र औषध घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांची रक्तशर्करा गंभीर पातळीवर चढली. आणि चढणारच, कारण यकृत व स्नायू इन्सुलिनचा निरोप ऐकतात तो याच विकराच्या द्वारे. या चढत्या साखरेला ‘दुष्परिणाम’ म्हणून बाजूला नोंदविण्याचा शिरस्ता मला मुळीच मान्य नाही. साखर चढली की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते आणि ते इन्सुलिन अर्बुदातला दाबलेला निरोप पुन्हा जागा करते, असे कॅन्टली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये उंदरांत दाखविले आहे. म्हणजे साखरेची हयगय ही कदाचित कर्करोगालाच दिलेली सवलत ठरावी.

मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या मुलखात ही बाब दुय्यम मानून चालणार नाही. ज्यांच्या घरी हे औषध सुरू व्हायचे आहे, त्यांनी पहिली गोळी घेण्यापूर्वीच उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांच्या सरासरीची साखर तपासून घ्यावी, आणि कर्करोगतज्ज्ञाची चिठ्ठी मधुमेहतज्ज्ञाला अवश्य दाखवावी.

— भिषग्मित्र