कतीफचा धडा : वेगापेक्षा वेळेची हमी मोलाची

सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरील कतीफ तेलक्षेत्राचा विकास प्रकल्प सौदी अरामकोने २००४ मध्ये कार्यान्वित केला. प्रतिदिन सुमारे ५ लाख पिंपे ही त्याची क्षमता. मात्र हे क्षेत्र लोकवस्तीलगत आहे आणि तेलासोबत विषारी हायड्रोजन सल्फाइड वायूही येतो. त्यामुळे विहिरी, नियंत्रण कक्ष आणि कार्यालये यांना जोडणारा मधला सॉफ्टवेअर-स्तर, म्हणजे मिडलवेअर, हा केवळ संगणकतज्ज्ञांचा विषय उरत नाही.

अशा प्रणालीत सरासरी वेग फसवा असतो. विलंब ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाणार नाही, ही हमी महत्त्वाची. उशिरा पोहोचलेले अचूक मापनही निरुपयोगीच. २००४ मध्येच आलेल्या डीडीएस मानकात माहितीच्या प्रवाहाला मुदत ठरवून देण्याची सोय झाली, ती याच गरजेतून.

परंतु जोडणी वाढली की धोकाही वाढतो. ऑगस्ट २०१२ मध्ये शमून विषाणूने अरामकोचे सुमारे ३० हजार संगणक निकामी केले. उत्पादन-नियंत्रणाचे जाळे वेगळे असल्याने तेल थांबले नाही. २०१७ मध्ये मात्र ट्रायटन हा घातक प्रोग्रॅम सौदीतील एका पेट्रोरसायन प्रकल्पाच्या सुरक्षा-नियंत्रकांपर्यंत पोहोचला.

म्हणूनच मिडलवेअरने मापने बाहेर न्यावीत, पण बाहेरचे आदेश सहजी आत येऊ देऊ नयेत. आणि जाळे तुटले तरी विहीर बंद करण्याचा निर्णय विहिरीपाशीच घेता आला पाहिजे.