घर विकायला काढताना

घर विकायचे ठरले की पहिले बोलावणे रंगाऱ्याला जाते, दुसरे नळ दुरुस्त करणाऱ्याला आणि तिसरे भंगारवाल्याला. त्या घरात चाळीस वर्षे राहिलेल्या आजी-आजोबांच्या प्रकृतीचा विचार मात्र बहुधा ते पडल्यावर किंवा आजारी झाल्यावरच होतो. म्हणून वाचकहो, घर विक्रीसाठी तयार करण्याच्या काळात ज्येष्ठांना कसे सांभाळावे, याविषयी या वेळी लिहीत आहे.

आपल्या शहरात हा प्रसंग आता अनेक कुटुंबांवर येतो आहे. सिडकोच्या वसाहतींत, किंवा १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतरच्या काळात नोकरीच्या आधारावर ज्यांनी घरे घेतली, ती पिढी आज सत्तरीच्या आसपास आहे. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात स्थिरावली आहेत. घर विकून मुलांजवळ जावे, हा निर्णय पुष्कळदा योग्यच असतो. अडचण होते ती घाईने. मुलांना दहा दिवसांची रजा मिळालेली असते आणि चाळीस वर्षांचा संसार त्या दहा दिवसांत आवरायचा असतो. त्यातही रजा सहसा मे महिन्यात मिळते, आणि मराठवाड्याच्या त्या उन्हात रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या शरीरातील पाणी व क्षार लवकर घटतात.

होम्स आणि राहे या दोन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील बदलांच्या ताणाची एक मोजपट्टी तयार केली. तीत जोडीदाराच्या मृत्यूला १००, निवृत्तीला ४५ आणि घर बदलण्याला २० गुण आहेत. वीस हा आकडा लहान वाटेल. परंतु जोडीदार गेल्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच घर विकायला निघते, तेव्हा हे आकडे एकमेकांत मिसळतात. स्थलांतराच्या या ताणाला परिचर्याशास्त्राने १९९२ पासून स्वतंत्र निदान म्हणून स्थान दिले आहे.

शरीराच्या बाजूने पाहता पहिला धोका पडण्याचा. वर्षानुवर्षे राहिलेले घर माणसाच्या पायांना पाठ झालेले असते. मोतीबिंदू असलेली व्यक्तीही रात्री भिंतीला हात लावून न्हाणीघरापर्यंत जाऊन येते. माझ्याकडे उपचार घेणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींच्या घरी कपाट आणि पलंग एकाच दिवशी हलवले गेले. बोळात खोकी रचली गेली; त्यांचा चष्मा आणि कानाचे यंत्र त्यांपैकीच एका खोक्यात बंद झाले. त्याच रात्री दोनच्या सुमारास त्या उठल्या, खोक्याला अडखळल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले.

हा प्रसंग टाळता येण्याजोगा होता. ज्येष्ठांचा पलंग, पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट आणि तिथला दिवा शेवटच्या दिवसापर्यंत जसाच्या तसा राहू द्यावा. आवराआवर माळ्यापासून आणि वापरात नसलेल्या खोलीपासून सुरू करावी. देवघर सर्वांत शेवटी उचलावे. चष्मा, कवळी, कानाचे यंत्र, काठी, महिन्याभराची औषधे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे कागद एका पिशवीत ठेवून ती पिशवी त्यांच्या उशाशी असू द्यावी. इन्सुलिन शीतकपाटात असते. शीतकपाट विकण्याआधी त्याची दुसरी सोय करावी.

दुसरा धोका धुळीचा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीच्या तैलरंगांत शिसे बरेच असू शकते. खिडक्या-दारांवरील असे जुने थर कोरडे घासले की शिशाची भुकटी घरभर उडते आणि सुट्टीला आलेल्या नातवंडांच्या हाता-तोंडातून पोटात जाते. रंग ओला करून खरवडावा, फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि त्या दिवसांत लहान मुले तसेच दम्याचे रुग्ण यांना दुसरीकडे ठेवावे. जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील, तर ते फोडू किंवा कापू नयेत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रे पाण्याने भिजवून अखंड उतरवावेत.

तिसरी गोष्ट पाण्याची. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या आपल्या शहरात प्रत्येक घरी हौद आणि पिंप असतेच. घर पाहायला येणाऱ्यांना हौद दाखवला की झाकण तत्काळ बसवावे. उघडा हौद वृद्धांनाही तितकाच घातक. घर रिकामे केल्यावर पिंप, कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या कराव्यात. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. घर विकले जाईपर्यंत कोणीतरी आठवड्यातून एकदा तिथे फेरी मारली पाहिजे.

आता मनाविषयी. घर सोडताना डोळे भरून येणे, जुनी वस्तू हातातून न सुटणे, हे स्वाभाविक आहे. त्यावर औषध नको. काय ठेवायचे आणि काय द्यायचे, हे मात्र त्यांना विचारावे, आणि उत्तरासाठी वेळ द्यावा. उदासी, निद्रानाश आणि अन्नावरची वासना जाणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना दाखवावे. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, बोलणे विसंगत झाले, संध्याकाळी भ्रम वाढला किंवा माणूस दिवसा सुस्त पडून राहू लागला, तर ‘घराचा धसका घेतला’ असे म्हणून थांबू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, लघवी तुंबणे किंवा नव्याने दिलेली झोपेची गोळी, यांपैकी काहीतरी मागे असण्याचा मोठा संभव असतो. त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

याचा संबंध सहीशी येतो, तो असा. वर सांगितलेल्या आजी शस्त्रक्रियेनंतर चार दिवस भ्रमात होत्या आणि खरेदीखताची तारीख पाचव्या दिवसाची होती. इसार घेतलेला होता. त्या शुद्धीवर आहेत, असा दाखला मुलाने मागितला. मी तो दिला नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२ नुसार करार करताना व्यक्तीला तो समजला पाहिजे आणि आपले हित पारखता आले पाहिजे. खरेदीदाराने तीन आठवडे थांबण्याचे मान्य केले. तोवर आजी सावरल्या, रक्कम त्यांनी स्वतः विचारून घेतली आणि सही केली.

ज्यांना कार्यालयापर्यंत जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३१ आणि ३८ मध्ये दुय्यम निबंधकांनी घरी येऊन नोंदणी करण्याची तरतूद आहे. रुग्णाला खुर्चीत उचलून नेण्याची धडपड त्यामुळे वाचू शकते. सौम्य स्मृतिभ्रंश असला म्हणजे माणूस कोणताच निर्णय घेऊ शकत नाही, असे नव्हे. सकाळच्या वेळी, चष्मा आणि कानाचे यंत्र लावून, शांतपणे विचारावे: काय विकले जाते आहे, किती रकमेला, आणि त्यानंतर आपण कुठे राहणार? ही उत्तरे त्यांच्या तोंडून यावीत.

ज्येष्ठ वाचकांना एक विनंती. विक्रीची रक्कम आपल्याच खात्यात जमा होऊ द्या. औषधपाण्यासाठी हात पसरावा लागला की गोळ्या अर्ध्या करून घेण्याची सवय लागते, हे दवाखान्यात रोज दिसते. विकण्याऐवजी घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करणार असाल, तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. अट न पाळल्यास, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या अधिनियमातील कलम २३ नुसार न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते.

नव्या घरी पोहोचल्यावर पलंग शक्यतो जुन्याच दिशेने लावावा, शौचालयाच्या वाटेवर रात्रीचा दिवा असावा आणि पहिले काही दिवस रात्री कोणीतरी जवळ झोपावे. नव्या गावातील डॉक्टरांना आठवड्याभरात सर्व कागद दाखवून रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. जुन्या डॉक्टरांकडून आजाराची थोडक्यात माहिती निघण्यापूर्वीच लिहून घेतलेली असेल, तर ही पहिली भेट सोपी होते.