रामानुजन यांची पत्रिका आणि जानकीचा दोष

दर वर्षी २२ डिसेंबर जवळ आला की परदेशातल्या मराठी घरांत श्रीनिवास रामानुजन यांची जन्मपत्रिका फिरू लागते. भारतात तो राष्ट्रीय गणित दिवस. इथे नाताळच्या सुटीच्या तोंडावर कुणीतरी हौशी ज्योतिषी कुंडलीची घरं आखून समजावून देतो की एवढी बुद्धी आली कुठून. मिथुन लग्न, लग्नेश बुध, आणि बुध म्हणजे गणित. दशमस्थानी गुरूच्या मीन राशीत चंद्र, म्हणून जगभर कीर्ती. पुढे अल्पायुष्याचे योग, कारण बत्तिसाव्या वर्षी मृत्यू. वाचणारे बहुतेक इंजिनिअर, काही माझ्यासारखे पीएचडी झालेले. कुणी काही बोललं की उत्तर ठरलेलं: अगं, गंमत म्हणून बघायचं.

मला त्यात गंमत दिसत नाही.

आधी हिशोब करू. रामानुजन यांचा जन्म १८८७ सालचा, इरोडचा, सूर्यास्तानंतर लगेचचा. त्या दिवसांत सूर्य धनु राशीत होता. सूर्य मावळत असताना पूर्वेला समोरची रास उगवत असते, म्हणून मिथुन लग्न. यात कसलंही गूढ नाही. त्या संध्याकाळी दिवेलागणीला जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं लग्न साधारण तेच. एक लग्न सुमारे दोन तास टिकतं आणि चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस राहतो. १८९१ च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या सुमारे २८ कोटी होती. दर हजारी चाळीस जन्म धरले (हा माझा ढोबळ अंदाज, थोडा कमीच असेल) तर दिवसाला तीस हजार बाळं होतात, आणि दोन तासांत अडीच हजार. म्हणजे मिथुन लग्न आणि दशमात मीनेचा चंद्र घेऊन त्या एका संध्याकाळी अडीच हजारांच्या आसपास मुलं जन्मली. बाकीच्यांचं काय झालं? कितीतरी पहिल्या वाढदिवसापर्यंतही पोचली नसतील. रामानुजन यांच्या पाठची तीन भावंडं तान्हेपणीच गेली, आणि ते स्वतः दोन वर्षांचे असताना देवीच्या साथीतून वाचले.

यावर जाणकार म्हणतात, नुसती रास बघून चालत नाही, नवमांश बघा, ग्रहांचे अंश बघा. बघू या. पण अंशांपर्यंत जायचं तर जन्माची वेळ मिनिटाबरहुकूम हवी. ती नसली की ‘जन्मवेळ शुद्धी’ करतात: आयुष्यात घडून गेलेल्या ठळक घटना घ्यायच्या आणि त्या जुळेपर्यंत वेळ मागेपुढे सरकवायची. मी पोटापाण्यासाठी संख्याशास्त्र करते. उत्तर माहीत असताना उत्तराला जुळेल असा विदा मी निवडला, तर माझा शोधनिबंध परत येईल आणि नोकरीही जाईल.

खरी परीक्षा उत्तर झाकून घ्यायची असते, आणि ती आपल्याच पुण्यात झालेली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या: शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना चाळीस-चाळीस पत्रिका दिल्या आणि एवढंच विचारलं, यातलं हुशार मूल कुठलं? सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी निम्म्याच्याही खाली आली. नाणं उडवून ठरवलं असतं तरी चाललं असतं. २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये हे छापून आलं. रामानुजन यांची पत्रिका पुढे पाठवणाऱ्यांना ही चाचणी माहीत नसते, किंवा माहीत असून ती पाठवावीशी वाटत नाही.

मग शेवटचा हुकमी पत्ता निघतो: रामानुजन स्वतः मानायचे की! मानायचे, कबूल. त्यांची आई कोमलताम्मल पत्रिका बघायची. ते स्वतःही लोकांची भविष्यं सांगत आणि आपल्या सूत्रांचं श्रेय नामक्कलच्या नामगिरी देवीला देत. त्यांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण १९१३ च्या जानेवारीत हार्डींना पत्र लिहिताना त्यांनी सोबत पत्रिका जोडली नव्हती, प्रमेयं जोडली होती. आणि त्यातलं मूळ संख्यांच्या मोजणीबद्दलचं प्रतिपादन चुकलं होतं. झीटा फलनाच्या संमिश्र शून्यांचा त्यात विचारच नव्हता; हार्डींनी ते दाखवून दिलं. आता बुधाने दिलेलं सूत्र चुकतं कसं, याचं उत्तर कुंडलीत शोधून दाखवा. माणसाने एकट्याने, पुस्तकांवाचून केलेलं गणित कुठे चुकतं हे मात्र चटकन समजतं.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथेच. कागद परवडत नाही म्हणून पाटीवर गणित करायचं, कोपराने पुसायचं, आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवायचा. कारचं हजारो प्रमेयांचं जुनं पुस्तक हाताशी धरून ते वर्षानुवर्षं हेच करत राहिले. वह्यांमध्ये तीन हजारांहून जास्त निष्कर्ष आहेत. ते एकेक सिद्ध करून पाच खंड काढण्यात ब्रूस बर्न्ट यांची कारकीर्द गेली. ही सगळी मेहनत ‘दशमात चंद्र’ या दोन शब्दांत गुंडाळली जाते आणि आपण त्याला आदर म्हणतो.

कुंडली आणखी एक काम करते, ती सगळ्यांना निर्दोष सोडते. गणित सोडून बाकी विषयांत नापास झाले म्हणून कुंभकोणमच्या कॉलेजने शिष्यवृत्ती काढून घेतली: शनी. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी: साडेसाती. इंग्लंडमध्ये महायुद्धाच्या काळात पोटाची आबाळ आणि नेमकं निदान न होणं: अल्पायुष्य योग. त्यांना क्षय होता असं बरीच वर्षं धरून चालले. १९९४ साली डी. ए. बी. यंग यांनी जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं की बहुधा तो यकृतातला अमीबाचा संसर्ग असावा. त्यावर तेव्हाही औषध होतं. योगच होता म्हटलं की हे विचारायची गरजच उरत नाही.

‘गंमत’ म्हणणाऱ्यांसाठी आता जानकी. १९०९ साली लग्न झालं तेव्हा ती दहा वर्षांची होती. नवरा इंग्लंडला गेला तेव्हा पंधराची. परतला तो आजारी. चरित्रांमध्ये हकीकत येते की कोमलताम्मलने मुलाची पत्रिका, नाव न सांगता, एका ज्योतिषाला दाखवली. तो म्हणाला, हा माणूस कीर्तीच्या शिखरावर असताना जाईल. मग तिने सुनेची पत्रिका दाखवली, आणि काही दिवस दोघांना वेगळं ठेवा असा सल्ला मिळाला. मुलाच्या आजाराचं खापर आईने सुनेच्या ग्रहांवर फोडलं. ते नवऱ्याच्या पोटावर शेक देणाऱ्या, तो अंथरुणातून मागेल तेव्हा कागद देणाऱ्या मुलीच्या पदरात पडलं. एप्रिल १९२० मध्ये ती एकवीस वर्षांची विधवा झाली.

पुढे ती काही वर्षं मुंबईला भावाकडे राहिली, शिवणकाम शिकली, मद्रासला परतली आणि कपडे शिवून जगली. एक मुलगा सांभाळून मोठा केला. १९९४ साली, नव्वदी उलटून गेल्यावर वारली. तिच्या पत्रिकेतला दीर्घायुष्याचा योग शोधून अजून कुणी पाठवलेला नाही.

इथल्या वधूवर मेळाव्याच्या अर्जात शिक्षण, व्हिसा आणि उंचीच्या खाली अजूनही एक रकाना असतो: मंगळ आहे का? मंडळाला विचारलं तर म्हणतात, सक्तीचा नाही, ज्यांना हवं ते भरतात. माझ्या ओळखीतल्या तीन मुलींना ‘आहे’ लिहिल्यावर पुढे फोन आलेला नाही. त्यातली एक पदार्थविज्ञानात पोस्टडॉक करते. येत्या सर्वसाधारण सभेत तो रकाना काढायचा ठराव मी मांडणार आहे आणि मला अनुमोदक हवा आहे.